सहलीचा व्यवसाय घडवणारे थॉमस कुक

सहलीला जाणे सर्वांनाच आवडते. पण लोकांना सहलीला नेणे हा शिकून करायचा व्यवसाय आहे, हे थॉमस कुक यांच्या जीवनावरून कळते.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील मेलबर्न या गावी झाला. लहानपणीच वडील वारले. दहाव्या वर्षी शाळा सुटली. त्यांनी बागेत मजुरी केली, नंतर सुतारकाम शिकले. पुढे ते दारूबंदीचा प्रचार करू लागले. ५ जुलै १८४१ रोजी एका सभेसाठी त्यांनी सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लफबरोला खास आगगाडीने नेले. जाण्यायेण्याचे भाडे फक्त एक शिलिंग होते. पुष्कळ प्रवासी एकत्र नेले, तर प्रवास स्वस्त पडतो, हे त्यांनी ओळखले.

१८४५ साली त्यांनी नफ्यासाठी पहिली सहल काढली. त्याआधी स्वतः त्या मार्गाने जाऊन सोयी पाहिल्या आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. १८४६ सालची स्कॉटलंडची सहल मात्र फसली. बोटीवर जागा कमी पडली. अनेकांना उघड्यावर रात्र काढावी लागली. त्याच वर्षी कुक यांचे दिवाळे निघाले.

तरीही त्यांनी धीर सोडला नाही. पुन्हा सहली सुरू केल्या. १८५१ साली त्यांनी दीड लाखाहून अधिक लोकांना लंडनचे प्रदर्शन दाखवले. १८६८ साली हॉटेलची कुपने काढली. पैसे आधी भरायचे आणि परगावी कुपन दाखवून राहायचे व जेवायचे, अशी ही सोय होती. १८७२ साली ते प्रवाशांसह जगाच्या सफरीवर निघाले. ती २२२ दिवस चालली.

त्यांचा मुलगा जॉन हिशेबात काटेकोर होता. धर्मकार्यावरील खर्चावरून बापलेकांचे पटेना. शेवटी थॉमस कामातून निवृत्त झाले आणि जॉनने व्यवसाय वाढवला. १८८१ साली मुंबईत कचेरी उघडली. १८८६ साली सरकारने हिंदुस्थानातील हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था या कंपनीकडे सोपवली.

१८ जुलै १८९२ रोजी थॉमस कुक वारले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती.

इंग्लंडमधील ही कंपनी कर्जाच्या बोजामुळे २०१९ साली बंद पडली. त्या दिवशी हजारो प्रवासी परदेशात अडकले.

मुलांनो, प्रवासी आधी पैसे देतो आणि सोय नंतर मिळते. म्हणून या धंद्याचा पाया विश्वास आहे, आणि तो टिकतो चोख हिशेबाने. या क्षेत्रात जायचे असेल, तर नकाशाबरोबर हिशेबाची वहीही वाचायला शिका.