सर्वज्ञांची क्षमा

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी पूर्वाश्रमी भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंपासून ज्ञानशक्ती स्वीकारली आणि सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांत केला. पुढे त्यांचे परिभ्रमण झाले. आजच्या वाशीम जिल्ह्यास लागून असलेली लोणार व मेहकर ही स्थाने त्यांच्या चरणस्पर्शाने पुनीत आहेत. हे चरित्र वाचकांस ज्ञातच आहे; येथे विचार करावयाचा तो शेवटच्या पर्वाचा.

स्त्रियांस व शूद्रांस संन्यासाचा अधिकार देणारा हा मार्ग व्रते, दाने व श्राद्धे यांवर पोसलेल्या वर्गास सहन होण्याजोगा नव्हता. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री हा स्वतःच व्रतदानांच्या प्रचंड ग्रंथाचा कर्ता. त्याने व महदाश्रमाने पैठणास सभा भरविली व स्वामींस नासिकाछेदाचा दंड दिला. त्या सभेत कोणी अपराध कबूल केला नाही, उलट आपण धर्मरक्षण करतो अशीच त्यांची समजूत होती. अशा माणसास क्षमा करावयाची तरी कशी?

आमच्याकडे धुऱ्याच्या वादावरून दोन घरांचे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या बंद राहते; आधी समोरच्याने चुकलो म्हणावे, ही अट दोन्हीकडे असते. स्वामींनी अशी अट घातली नाही. जीव अनादी अविद्येने बद्ध आहे. त्याला आपला दोष दिसत नाही हाच त्या अविद्येचा भाग होय. दोष दिसल्यावरच दया करावयाची म्हटले, तर सर्वाधिक आंधळा जीव दयेबाहेरच राहील. शिवाय कर्माचे फळ कर्त्यास चुकत नाही. ते देण्याची घाई पीडिताने कशास करावी?

मात्र या क्षमेला दुबळेपणा समजणे, हे आमच्या मते फार मोठे अज्ञान आहे. स्वामींनी आपल्या निरूपणातील एक अक्षरही मागे घेतले नाही, की स्त्री-शूद्रांस दूर केले नाही. अनुयायांस त्यांनी सूडाची नव्हे, तर श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची आज्ञा केली. शके ११९६ मध्ये, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास, त्यांनी उत्तरापंथे गमन केले.

त्यानंतर रिद्धपुरी म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांस विचारून व गावोगाव हिंडून लीळा मिळविल्या. त्या वेळी देवगिरीस राज्य रामदेवरायाचेच होते. तरीही लीळाचरित्रात हेमाद्रीचे व महदाश्रमाचे नाव गाळलेले नाही. घडले ते तसेच लिहिले आहे.