कॉलिन चॅपमन : चरित्र आणि बोध

मोठीं कामें मोठ्या कारखान्यांतच जन्मास येतात, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. हातीं भांडवल नाहीं, यंत्रें नाहींत, जागा नाहीं, अशी सबब सांगून कित्येक हुशार विद्यार्थी आपल्या कल्पना वहीच्या पानांतच मिटून ठेवितात. अशा विद्यार्थिबंधूंच्या उपयोगी पडावें म्हणून कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनियराचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. त्यांत अनुकरणीय असें पुष्कळ आहे, आणि सावध करणारेंही कांहीं आहे. दोन्ही सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजीं लंडनजवळील रिचमंड येथें झाला. त्याचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागांत एक खाणावळवजा हॉटेल चालवीत असत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यानें बांधकामशास्त्राचा अभ्यास केला. पूल आणि इमारती यांचे सांगाडे भार कसा वाहतात, हें सांगणारी ही विद्या होय. त्याच काळांत तो विमान चालविण्यासही शिकला. बुद्धि तीव्र, परंतु लक्ष अनेक ठिकाणीं वांटलेलें. त्यामुळें १९४८ सालीं गणिताच्या अखेरच्या परीक्षेंत तो अडला, आणि पुन्हां परीक्षा देऊन एक वर्ष उशिरानें पदवीधर झाला. एका अपयशानें खचून जाणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

विद्यार्थिदशेंतच तो एका मित्रासह जुन्या मोटारी घेऊन विकण्याचा व्यापार करीत असे. परंतु १९४७ सालीं इंग्लंडांत खाजगी मोटारींस मिळणारें पेट्रोलचें मूळ रेशन सरकारनें बंद केलें. मोटारींस गिऱ्हाईक उरलें नाहीं आणि व्यापाराची कमाई बहुतेक बुडाली. हातीं राहिली ती एक जुनी, न खपलेली ऑस्टिन सेव्हन गाडी. दुसऱ्या एखाद्यानें ती मोडींत काढली असती. चॅपमननें ती आपल्या वाग्दत्त वधूच्या, हेझल विल्यम्स हिच्या, आईवडिलांच्या घरामागील लहानशा गॅरेजांत नेली आणि तिचा पुनर्जन्म आरंभिला.

त्यानें काय केलें हें समजण्यास चासी म्हणजे काय, हें कळलें पाहिजे. चासी हा मोटारीचा सांगाडा. इंजिन, आंस, कमानी आणि चाकें हीं सर्व त्यास जोडलेलीं असतात. ऑस्टिन सेव्हनची चासी म्हणजे पुढच्या टोकाशीं एकत्र येणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या. रस्त्यांतील खड्ड्यांत एक चाक गेलें कीं ती पिळवटे. ढिली बाज एका खुरास धरून उचलली म्हणजे जशी पिळवटते, तशीच. सांगाडाच पिळूं लागला म्हणजे चाकें भुईवर नीट टेकत नाहींत आणि गाडी वळणावर ताब्यांत राहत नाहीं. यावर सोपा उपाय म्हणजे जाड लोखंड घालणें. पण त्यानें वजन वाढतें आणि वेग घटतो. चॅपमननें निराळा विचार केला. त्यानें ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्यें प्लायवूड घालून गाडीचें अंग तयार केलें, आडव्या भिंती दिल्या, आणि त्या अंगाकडूनच सांगाड्याला बळकटी आणविली. आगपेटीचें रिकामें कवच बोटांनीं सहज वांकतें. आंतील पेटी बसविली कीं तेंच ताठ राहतें. तत्त्व हेंच. विमानाच्या बांधणींत तें रूढ होतें. या तरुणानें तें गॅरेजांतील जुन्या मोटारीस लाविलें.

या गाडीस त्यानें लोटस, म्हणजे कमळ, हें नांव दिलें. चिखलाच्या चढणींवरून गाडी नेण्याच्या ज्या स्पर्धा तेव्हां इंग्लंडांत होत, त्यांत १९४८ सालीं या कमळानें बक्षिसें मिळविलीं. आपल्या भाषेंत कमळास पंकज कां म्हणतात, याची येथें सहज आठवण होते.

पुढें १९५१ च्या तिसऱ्या गाडींत त्यानें त्याच लहान इंजिनांत हवा जाण्याच्या दोन सामाईक वाटा विभागून चार केल्या. गाडी इतकी वेगवान झाली कीं पुढल्या हंगामासाठीं क्लबानें ती युक्ति नियमानें बंद केली! १ जानेवारी १९५२ रोजीं त्यानें वडिलांच्या हॉटेलामागील जुन्या तबेल्यांत लोटस इंजिनियरिंग कंपनी काढली. भांडवल हेझलनें दिलेले २५ पौंड. पुढें १९५४ सालीं त्या दोघांचा विवाह झाला.

आतां सांगाडाही जुना राहिला नाहीं. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणाकृति जोडून त्यानें नवीन चासी केली. नुसत्या चौकटीचें वजन सुमारें २५ किलो. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या कीं त्याचे कोन बदलूं शकत नाहींत, हें आपण भूमितींत शिकतों. त्याच सिद्धांतावर ही गाडी धांवत होती. तयार नव्या मोटारीवर त्या वेळीं इंग्लंडांत मोठा खरेदी-कर असे, सुट्या भागांवर नसे. म्हणून चॅपमन सांगाडा आणि सुटे भाग विकी. घेणारा जुन्या फोर्डचें इंजिन व आंस आणून घरच्या गॅरेजांत गाडी जुळवी. बेताच्या पगाराच्या तरुणांस शर्यतीची गाडी अशा रीतीनें प्रथमच आटोक्यांत आली. १९५७ सालीं निघालेली लोटस सेव्हन ही या प्रकारांतील सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. १९७३ सालीं तिचे हक्क केटरहॅम या संस्थेकडे गेले, आणि आजही लोक ती घरीं जुळवितात.

येथून पुढील वैभव आम्ही संक्षेपानेंच सांगतों. १९६२ सालीं त्यानें शर्यतीच्या गाडींतून नळ्यांची चौकट काढून टाकिली आणि पत्र्याची पेटी हाच सांगाडा केला. पुढील वर्षीं जिम क्लार्क हा त्याच गाडींतून जगज्जेता झाला. १९७८ सालीं गाडीखालून वाहणाऱ्या हवेच्या योगें गाडी रस्त्यास चिकटवून धरण्याची युक्ति यशस्वी झाली आणि मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता ठरला. चॅपमनच्या हयातींत लोटसनें उत्पादकांचें जगज्जेतेपद सात वेळां मिळविलें.

परंतु या चित्रास दुसरी बाजू आहे. हलकेपणाचा हव्यास धरितां धरितां त्याच्या गाड्या कित्येकदां नाजूक होत आणि ऐन वेगांत त्यांचे भाग तुटत. योखेन रिंट या चालकानें १९६९ सालीं पत्र लिहून आपली भीति त्यास कळविली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजीं इटलींत मोंझा येथें सरावाच्या वेळीं लोटसमध्येंच रिंट मृत्यु पावला. ब्रेकचा एक दांडा तुटला होता. त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्यास मरणोत्तर मिळालें. तें घेण्यास तो नव्हता.

१६ डिसेंबर १९८२ रोजीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, हृदयविकारानें चॅपमनचा अंत झाला. त्यानंतर डीलोरियन मोटारीच्या कामासाठीं दिलेल्या सरकारी पैशाच्या अपहाराचें प्रकरण उघड झालें. १९९२ सालीं त्याच्या एका सहकाऱ्यास कारावास झाला. चॅपमन हयात असता तर त्यासही दीर्घ शिक्षा झाली असती, असें न्यायाधीशांनीं सांगितलें.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. चॅपमननें वजनाचा हिशेब मासा-गुंजेपर्यंत केला; माणसाच्या जिवाचा आणि सचोटीचा हिशेब मात्र तसा केला नाहीं. त्याच्या गॅरेजापासून आपण धाडस, चिकाटी आणि थोडक्यांत पुष्कळ साधण्याची कला अवश्य शिकावी. पण कोणता भार काढावयाचा आणि कोणता कधींच काढावयाचा नाहीं, हें ठरविल्यावांचून हत्यारास हात घालूं नये, एवढीच आमची आमच्या तरुण वाचकांस नम्र विनंति आहे.