आधी झाडू, मग कीर्तन : संत गाडगेबाबा



आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या शिवेला अमरावती जिल्हा लागून आहे. त्या जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या शेतावर गुरे राखत, नांगर धरत डेबू वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर आणि हातात खराटा. जेवायचे तेही त्याच खापरात. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा कोणत्याही गावी गेले की आधी रस्ता झाडायला घेत. बघे जमत, मग लाजून एकेक जण हातभार लावी. दिवसभरात गाव स्वच्छ होई आणि रात्री बाबांचे कीर्तन रंगे. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, मुक्या प्राण्यांचा बळी देऊ नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हेच त्यांचे सांगणे असे.

लोकवर्गणीतून त्यांनी ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण स्वतःसाठी वा घरच्यांसाठी त्यांनी त्यातले काही घेतले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ बाबांनी देह ठेवला.

पुढे २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना महाराष्ट्र शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्याची रीत बाबांसारखीच होती. आधी अनुदान नाही. गावाने श्रमदानाने रस्ते, गटारे, उकिरडे साफ करायचे. मग तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी समित्या तपासणी करणार आणि उत्तम गावांना रोख बक्षीस मिळणार. एरवी निवडणुकीत तट पडलेली माणसेही झाडू घेऊन एका रस्त्यावर उतरली.

आज पैशाची रीत बदलली आहे. २०२० पासूनच्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा. म्हणजे ४,००० वस्तीच्या गावाला २ लाख ४० हजार रुपये. त्यातून कचरागाडी येईल, शेड उभी राहील. पण ही रक्कम उभारणीची आहे. रोज झाडणार कोण, हे गावालाच ठरवावे लागते. रस्त्याच्या कडेचा कचरा तर बहुधा कोणाचाच नसतो. रस्ता बांधकाम खात्याचा, दुकान मालकाचे, पुडी फेकणारा वाटसरू.

आम्हांला वाटते, धूलकोटकरांनी बाबांकडून हेच शिकावे. येत्या २३ फेब्रुवारीला तसबिरीला हार घालण्याआधी शाळेसमोरचा रस्ता झाडू या. पालकांनी ग्रामसभेत विचारावे की स्वच्छतेचा निधी किती आला, कशावर खर्च झाला आणि कचरा कोणत्या वारी उचलला जाईल. विश्वस्तांनी शाळेच्या वाट्याचा रस्ता ठरवून घ्यावा. सरकारकडे हक्काने मागावे, हिशेबही विचारावा. पण तोवर खराटा कोपऱ्यात ठेवू नये. बाबा कोणाची वाट पाहत थांबले नव्हते.