भारतात गुलामांचा कायदा ३० वर्षांपूर्वीच झाला होता, तरी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ का लिहिलं?

१८७३ साल. पुण्याच्या जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आलं. ते अर्पण केलं होतं थेट अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याचा आणि अमेरिकेचा काय संबंध?

१८२७ मध्ये माळी कुटुंबात जन्मलेले जोतीराव मिशनरी शाळेत शिकले. थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलं. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या. त्यापायी दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं.

तिकडं अमेरिकेत वाद पेटलेला. दक्षिणेतले मळेवाले म्हणायचे, गुलाम ही आमची मालमत्ता, बायबलमध्येही गुलाम आहेतच. विरोधक तेच बायबल उघडून सांगायचे, सगळी माणसं एकाच देवाची लेकरं. शेवटी यादवी युद्ध झालं आणि १८६५ मध्ये घटना दुरुस्त करून गुलामी बंद झाली.

गंमत म्हणजे ब्रिटिश मुलखातल्या कोर्टांनी १८४३ च्या कायद्यानंतर गुलामावरची मालकी मानणं बंद केलं होतं. मग जोतीराव कोणत्या गुलामगिरीबद्दल बोलत होते?

जातीच्या. त्यांचं म्हणणं असं, की इथली बेडी मनात आहे. धर्मग्रंथांचा दाखला देऊन शूद्रातिशूद्रांना हीन ठरवलं आणि ते देवानंच लिहिलंय असं त्यांच्याही गळी उतरवलं. ही बेडी नुसत्या कायद्यानं तुटत नाही, त्याला शिक्षण लागतं. म्हणून त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज काढला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं सर्वांसाठी प्राथमिक शिक्षण मागितलं. १८९० मध्ये ते गेले.

नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिशांचा कायदा इथं लागू नव्हता, गावोगाव वेठबिगार चालायची. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, १९५० मध्ये संविधानानं वेठबिगारीवर बंदी घातली.

पण १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. बाबासाहेब जोतीरावांना गुरू मानायचे. त्यांचं नाव विद्यापीठाला लागायला १९९४ उजाडलं.

संविधान येऊन तेव्हा ४४ वर्षं झाली होती. मनातली बेडी कायद्यापेक्षा चिवट असते, हे जोतीरावांनी १८७३ मध्येच सांगून ठेवलं होतं.