पडदा उघडण्याआधीचं घर

नवा सिनेमा लागला की आपण काय विचारतो? कोण आहे त्यात, गाणी कशी आहेत, आणि किती वाजताचा खेळ गाठायचा. सुरुवात चुकली तर मला चैन पडत नाही. आधीच्या जाहिराती, ती पाटी, मग काळोख आणि पडद्यावरचं पहिलं चित्र, हे सगळं मला हवंच असतं. घरातली मंडळी यावरून चेष्टा करतात. करू देत! पण या सुरुवातीच्या वेडापायीच मी एकदा ठरवलं, की आपल्या देशातला पहिला सिनेमा कसा लागला, त्याच्या आधी काय काय घडलं, हे नीट वाचून काढायचं. वाचत गेले आणि पुन्हा पुन्हा एका स्वयंपाकघराशी येऊन थांबले. म्हणून आज दादासाहेब फाळके यांच्याबद्दल लिहितेय. नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पुरस्कारामुळे तर जास्तच. माणूस मात्र फारसा माहीत नसतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगा हुशार, पण एका जागी बसणारा नव्हे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात गेला, फोटोग्राफी शिकला, जादूचे प्रयोगही शिकला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगची साथ आली आणि पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. संसार एकदा असा मोडला. १९०२ साली दुसरं लग्न झालं. त्या सरस्वतीबाई. दुसरेपणावर आलेल्या, वयाने बऱ्याच लहान. या गोष्टीत त्यांना विसरू नका बरं का, कारण पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आणि बरंचसं त्यांच्या हातून घडलं आहे.

फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली होती. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी सरकारी नोकरी! स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली आणि छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छपाईत नाव झालं, पण भागीदारांशी पटेना. एक दिवस छापखानाही सोडला. वय चाळिशीला टेकलेलं, घरात लहान मुलं आणि हातात काही नाही. आपल्यापैकी कितीजणींनी हा प्रसंग घरात बघितलाय, सांगा बरं. नवरा नोकरी सोडून येतो, आणि पहिला प्रश्न चुलीपुढच्या बाईला पडतो.

अशातच १९१०-११ च्या सुमाराला गिरगावातल्या एका तंबूत फाळक्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा परदेशी चित्रपट बघितला. सिनेमा मुंबईला नवा नव्हता. १८९६ च्या जुलैत वॉटसन हॉटेलमध्ये पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली होती. पण जे दिसायचं ते सगळं परदेशातलं. ख्रिस्ताचं चरित्र बघता बघता फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. असेच आपले देव पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच. लगेच ते सरस्वतीबाईंनाही सिनेमा दाखवायला घेऊन गेले. नव्या धंद्याचा विचार डोक्यात आल्यावर आधी बायकोला नेऊन दाखवणारे नवरे त्या काळात किती असतील?

मग सुरू झालं वेड. रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे बघायचे, घरी येऊन खेळण्यातल्या कॅमेऱ्यावर आणि फिल्मच्या तुकड्यांवर प्रयोग करायचे. झोप नाही, विश्रांती नाही. घरातलं सामान एकेक करून विकलं गेलं. शेवटी डोळ्यांनी असहकार पुकारला, दिसेनासंच झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण लोक म्हणायला लागले की या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते बोटीने लंडनला गेले. तिथे सिनेमाच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ बघितला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली आणि दोन महिन्यांत परतले.

आता पैसे कुठून आणायचे? इथे मला फाळक्यांची अक्कल फार आवडते. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. ते सगळं एकामागून एक पडद्यावर दाखवलं तेव्हा मिनिटाभरात दाण्यातून कोंब वर आला आणि वेल डोलायला लागला. बघणाऱ्यांना जादूच वाटली. आपल्याकडच्या फिल्मची ही खरी पहिली सुरुवात, कुंडीतल्या वाटाण्याची! ते बघून एकाने कर्ज द्यायचं कबूल केलं, पण तारण हवं होतं. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

दागिना म्हणजे काय असतो, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. तो माहेरचा आधार असतो, आजारपणाची सोय असते, मुलीच्या लग्नाची बेगमी असते. सरस्वतीबाईंनी तो गहाण टाकला तेव्हा या देशात कोणीही पूर्ण लांबीचा कथाचित्रपट बनवून त्यावर पैसे कमावून दाखवले नव्हते. दागिने परत येतील याची खात्री देणारं एकही उदाहरण समोर नव्हतं.

दादरच्या मेन रोडवरचं त्यांचं घर हाच स्टुडिओ झाला. तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची, तिच्या दोन्ही कडांना एकसारखी बारीक भोकं घरी पाडावी लागत. भोकं चुकली की फिल्म कॅमेऱ्यात नीट सरकणार नाही, चित्र हलणार. आणि हे काम अंधारात करायचं, उजेड लागला की फिल्म वाया. ही भोकं सरस्वतीबाई पाडायच्या. दिवसा घरात राहणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री सगळी निजली की काळोखात बसून भोकं. त्या फिल्म धुवायला शिकल्या, रसायनं मिसळायला शिकल्या. चित्रण उन्हात चालायचं, दिवे नव्हतेच. नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर ताणून तासन् तास भर उन्हात उभं राहायचं कामही त्यांनी केलं. आज या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो, वेगळा पगार असतो. तेव्हा ते सगळं घरकामातच धरलं गेलं.

विषय ठरला राजा हरिश्चंद्र. पुरुष पात्रं मिळाली. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी मात्र बाई मिळेना. चांगल्या घरची सोडाच, कोठीवरच्या बायकांनीही नकार दिला, इतकी त्या कामाची बदनामी. फाळक्यांनी सरस्वतीबाईंनाही विचारलं होतं असं सांगतात. त्यांनी नाही म्हटलं. बरोबरच आहे! त्या कॅमेऱ्यापुढे गेल्या असत्या तर मागचं सगळं कोणी बघितलं असतं? शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक हातांचा तरुण फाळक्यांना दिसला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तो तारामती झाला. बाकीच्या बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार होईनात, कारण मिशी काढायची ती वडील गेल्यावर. त्यांचीही समजूत घालावी लागली.

रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. चित्रणात तो दगडावर पडला, डोक्याला लागलं, बेशुद्ध झाला. प्रथमोपचार केल्यावर फाळक्यांनी त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचं दृश्य घेतलं, असं सांगतात. मी आई आहे. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. फाळके थोर होते हे मी मानते, आणि हा प्रसंग मला पटत नाही, हेही मनापासून सांगते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. लांबी ३,७०० फूट, चार रिळं. २१ एप्रिल १९१३ ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, आणि ३ मे १९१३ ला, शनिवारी, गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो सगळ्यांसाठी लागला. आपल्या मनात येतं तसा तो एकटाच लागला नव्हता हं. त्याच कार्यक्रमात नाच होता, विनोदी नकला होत्या, पायांनी कसरत करून दाखवणारा माणूसही होता. भारतातला पहिला कथाचित्रपट हा या सगळ्या खिचडीतला एक पदार्थ होता. एक आठवडा गर्दी झाली, मुदत वाढवावी लागली, आणि एकूण तेवीस दिवस चित्रपट चालला.

पडद्यावरची सुरुवात कशी होती? राजा हरिश्चंद्र आपल्या मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, शेजारी राणी उभी आहे. देव नाहीत, चमत्कार नाहीत. आई, बाप आणि मूल. राजा रविवर्म्याच्या चित्रांची ज्यांना सवय होती, त्यांना ते भिंतीवरचं चित्रच हलायला लागल्यासारखं वाटलं असणार. पुढे राज्य जाणार, बायको-मूल विकलं जाणार, म्हणून आधी भरलं घर दाखवायचं. सगळं पणाला लागलं की घराचं काय होतं, हे दाखवणाऱ्यानेही आपलं घर पणाला लावलेलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात या चित्रपटाची काही रिळं आहेत. ती १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीची असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मुंबईबाहेर मात्र सुरुवात इतकी सोपी नव्हती, आणि ती गोष्ट आपल्यासारख्या गावांतल्या बायकांना जास्त जवळची वाटेल. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला फक्त तीन रुपये! कारण साधं होतं. लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तास चालणारं नाटक बघायची सवय, आणि इथे दीड तासाला तीन आणे मागत होते. हिशेबी बाई काय करील? फाळक्यांनी भाव उतरवला नाही. जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत! गल्ला तीनशेच्या घरात गेला. मी बसून हिशेब केला. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं असतात, म्हणजे ३,७०० फुटांत एकोणसाठ हजारांच्या आसपास. फोटोंचा आकडा जवळजवळ बरोबर आहे. मैलाच्या बाबतीत मात्र हात सैल सोडलेला दिसतो, कारण एवढी फिल्म एक मैलही भरत नाही!

पुढचाच 'मोहिनी भस्मासुर' १९१४ च्या आरंभी लागला आणि पडद्यावर पहिल्यांदा बायका आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन एकटीच्या बळावर मुलीला वाढवत होत्या. सगळ्यांनी नाकारलेलं काम एका लेकुरवाळ्या एकट्या बाईने घेतलं. कमलाबाई गोखले म्हणून ती मुलगी पुढे रंगभूमीवर नावाजली.

१९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके रामही होता आणि सीताही. राम पडद्यावर आला की लोक पायांतलं काढून हात जोडत. आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात तर मला सगळ्यांत आवडते. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर एका सात वर्षांच्या मुलीचा चेहरा येतो. ती हसते, रुसते, रागावते. मग त्याच मुलीचा बघता बघता कृष्ण होतो. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. बापाने आधी सगळ्यांना आपली लेक दाखवली, तिची करामत दाखवली, आणि मगच देव दाखवला. ज्या देशात सहा वर्षांपूर्वी तारामतीला बाई मिळाली नव्हती, तिथे ही सुरुवात झाली.

फाळक्यांचा शेवट मात्र सुखाचा नाही. १९१८ ला नाशिकला भागीदारीत हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली, पुन्हा पटलं नाही, रागावून काशीला गेले, १९२२ मध्ये परतले. १९३१ ला 'आलम आरा' लागला, चित्रपट बोलायला लागले आणि मूकपटांचा जमाना संपला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, तेव्हा पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही मागे राहिली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला आणि पहिला मिळाला देविकाराणी यांना, एका बाईला. २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला, तेव्हा पदर खोचून कामाला लागलेल्या सरस्वतीबाई आपल्याला पडद्यावर दिसल्या. पण मधे कितीतरी वर्षं गेली.

फाळक्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात, आणि ते योग्यच आहे. माझं म्हणणं इतकंच आहे, की जनक म्हटलं की जननीही विचारात घ्यावी. ज्या घरी एखादा माणूस वेड्यासारखा कशाच्या तरी मागे लागलेला असतो, त्या घरात कोणीतरी चूल पेटती ठेवत असतं. तुमच्याही घरात किंवा शेजारी अशी एखादी बाई असेल. नवऱ्याच्या दुकानाचा हिशेब रात्री लिहिणारी, मुलाच्या क्लासच्या फीसाठी पाटल्या मोडणारी. तिचं नाव दुकानाच्या पाटीवर नसेल, तर निदान घरात उच्चारलं जाऊ दे. आणि पाटी नवी रंगवायला निघाली, की जागा आहे का तेवढं विचारून बघा.