प्राणवायूचा मार्ग उलगडणारे ऑगस्ट क्रॉग

डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रॉग यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७४ रोजी झाला. कोपनहेगन येथे ते ख्रिश्चन बोर यांचे विद्यार्थी व पुढे सहायक होते. फुप्फुसे ग्रंथीप्रमाणे प्राणवायू रक्तात स्रवतात, असे बोर मानत. क्रॉग यांनी डॉक्टर असलेल्या पत्नी मारी यांच्यासह वायूंचे दाब काटेकोरपणे मोजले. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे होणारे विसरण तेवढे पुरेसे असते, हे त्यांनी १९१० मध्ये दाखवून दिले. गुरूंचे ऋण मान्य करूनच त्यांनी गुरूंचे मत खोडून काढले.

श्रम करणाऱ्या स्नायूला वाढीव प्राणवायू मिळतो कसा, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. विश्रांतीच्या वेळी मिटलेल्या असंख्य केशवाहिन्या श्रमाच्या वेळी उघडतात. रक्त व पेशी यांतील अंतर घटते आणि प्राणवायू ऊतींपर्यंत त्वरेने पोहोचतो, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. केशवाहिन्यांवरील या संशोधनासाठी त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मारी यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना क्रॉग टोरांटोला गेले आणि इन्सुलिन निर्मितीची परवानगी घेऊन मायदेशी परतले. १३ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांचे निधन झाले.