धुरातून ताकद काढणारा इंजिनिअर : आल्फ्रेड ब्यूखी

मित्रांनो, टर्बोचार्जर हा आपल्या व्हायवातला हमखास प्रश्न. एका शाफ्टच्या एका टोकाला टर्बाइन, दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण हे कोणी शोधलं असं विचारलं की वर्गात सामसूम. ओटो आणि डिझेल यांची नावं त्यांच्या इंजिनांमुळे तोंडी बसली, आल्फ्रेड ब्यूखी मात्र मागे राहिला. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, म्हणून त्याची ओळख करून देणं मला माझं कामच वाटतं.

ब्यूखीचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर इथे झाला. गाव कारखान्यांचं. वडील तिथल्याच सुल्झर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे यंत्रांचा आवाज लहानपणापासून कानावर. १८९९ मध्ये तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. त्याच कॉलेजातून १९०० साली आइन्स्टाइन बाहेर पडला. ब्यूखीने १९०३ मध्ये पदवी घेतली आणि पुढे बेल्जियम व इंग्लंडमध्ये नोकरी केली.

त्याच्या डोक्यात एकच हिशेब घोळत होता. इंधनाच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग धुरासोबत बाहेर फेकला जातो. मग त्याच धुरावर टर्बाइन फिरवावं, टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवावा आणि दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरावी. हवा जास्त मावली की इंधनही जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. १६ नोव्हेंबर १९०५ या तारखेचं त्याचं पेटंट आहे. तेव्हा त्याचं वय २६ वर्षं, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांचं एम.ई. संपतं ते वय!

पण पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चाललं असं होत नाही. पुढे तो सुल्झरमध्ये परतला, १९११ पासून तिथे प्रयोग सुरू झाले, १९१५ मध्ये एक नमुनाही तयार झाला. तो टिकला नाही. तापलेल्या वायूत तग धरणारे धातू तेव्हा नव्हते, कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही बेताचीच होती. एका सेमिस्टरमध्ये प्रोजेक्ट चाललं नाही तर आपण विषयच बदलायला निघतो. या माणसाचा एकच विषय वीस वर्षं चालला.

१९२५ मध्ये त्याने नवीन पेटंट घेतलं आणि इथेच खरी गंमत आहे. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर तेच, बदलले ते धुराचे रस्ते. सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच मोठ्या नळीत सोडला तर एकाचा दाब दुसऱ्याला आडवा येतो. त्याने नळ्या वेगळ्या केल्या, त्यामुळे प्रत्येक धक्क्याचा जोर सरळ टर्बाइनवर जाऊ लागला. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे ठेवले, म्हणजे ताजी हवा उरलेला धूर झाडून नेते. याच सुमारास जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवरच्या दहा सिलिंडरच्या इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. म्हणजे सुमारे ४३ टक्के वाढ! त्यानंतर मात्र जगाने त्याचं ऐकलं.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्येच तो वारला. सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या टर्बो कार अमेरिकेत १९६२ साली आल्या, त्या त्याला पाहायला मिळाल्या नाहीत. आपल्या राज्यात नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ २००२ मध्ये २.६ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन घेऊनच आली.

आता थोडं आपल्या भागाकडे येऊ. घाटाखालून घाटावर जाताना, म्हणजे मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला निघालं की राजूर घाटात टर्बोची किंमत कळते. भरलेली गाडी चढावर दमली आणि मागून काळा धूर सोडू लागली, तर समजावं की इंधनाच्या मानाने हवा कमी पडतेय. सुट्टीत मी एका गॅरेजवर जाऊन बसायचो, तिथे हे बरेचदा पाहिलं. एका जीपवाल्याला कोणीतरी सांगितलं होतं, टर्बो गेला, नवीन टाका. पोटापाण्याची गाडी, नवीन टर्बो म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. आमच्या मिस्त्रींनी आधी रबरी पाइप हाताने चाचपले. इंटरकूलरच्या क्लिपखाली तेलाचा ओला डाग होता आणि त्याखाली चीर. पाइप बदलला, गाडी घाट चढली.

तेव्हापासून क्रम माझ्या डोक्यात पक्का आहे. आधी एअर फिल्टर, मग हवेचे पाइप आणि क्लिपा, मग टर्बाइनच्या आधी धूर कुठे गळतोय का ते. त्यानंतर वेस्टगेट. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारं हे झाकण. ते उघडंच अडकलं तर बूस्ट कमी पडतो. बंद अडकलं, किंवा दाबावर चालणाऱ्या त्याच्या अ‍ॅक्च्युएटरची बारीक नळी निसटली, तर बूस्ट प्रमाणाबाहेर जातो आणि इंजिनच्या जिवावर बेततं. हातपंप व गेज लावून दाब द्यायचा. रॉड ठरलेल्या दाबाला हलतो का आणि दाब टिकतो का, ते पाहायचं. एवढं सगळं ठीक निघालं तरच टर्बोला हात लावायचा.

ब्यूखीचं आयुष्य वाचताना मला हेच जाणवलं. त्याची मूळ कल्पना पहिल्या दिवसापासून बरोबर होती; अडलं होतं ते धातूंपाशी आणि नळ्यांपाशी. कल्पना फेकून न देता तो अडलेली जागा शोधत राहिला. तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्ट असो की बॅकलॉग, आख्खा टर्बो बदलायला निघण्याआधी एकदा पाइप तपासून बघा!